ताटावरचं नाव

माझ्या मुलीनं दुकानाचा नकाशा रक्ताच्या रिपोर्टांच्या पाठीवर काढला. घरात कोरा कागद नव्हता असं नाही, पण ते रिपोर्ट फाइलभर साठले होते आणि त्यांची एक बाजू तरी कामाला यावी, असं तिचं म्हणणं. पुढच्या बाजूला हिमोग्लोबिन, मागच्या बाजूला शेगडी, बाकं, हात धुवायची जागा. मी चष्मा लावून एकेक कागद बघितला आणि म्हणालो, "एवढ्याशा गाळ्यात तू राजवाडा मांडून राहिली."

"राजवाडा नाही बाबा," ती म्हणाली. "मले बसाले एक जागा पाहिजे फक्त."

तिला सिकलसेल होता. उत्तर नागपुरात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं असं दुखतं की मोठं माणूस उशी दातात धरतं. थंडी लागली, पाणी कमी पडलं, दमणूक झाली की दुखणं उठतं. हा आजार आईबापाकडून येतो, अर्धा तिच्या आईकडून, अर्धा माझ्याकडून. आमचं लग्न ठरताना दोन्हीकडच्यांनी शिक्षण विचारलं, घर विचारलं, मुलाला काही नाद आहे का तेही विचारलं. रक्त कोणी विचारलं नाही. याचा मला राग आहे. तो कोणावर काढावा हे मला आजवर समजलं नाही, म्हणून तो घरातल्यांवरच निघत आला.

चोविसाव्या वर्षी तिच्या उजव्या खुब्याचं हाड खराब झालं. तेव्हापासून ती लंगडत चालायची. मोबाइलच्या दुकानात लागली, तिथं दिवसभर उभं राहावं लागे. कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम धरलं, पण पंधरा दिवस दवाखान्यात काढून परत गेली की तिच्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसलेलं असे. लग्नाची दोन स्थळं आली. तिनंच पहिल्या वाक्यात आजार सांगून टाकला आणि पाहुण्यांनी दुसरं वाक्य ऐकलं नाही. अठ्ठावीस वर्षांची झाली तेव्हा एक दिवस म्हणाली की आता ती कोणाच्या खुर्चीवर जाणार नाही, आपली खुर्ची मांडणार.

हाताला चव होती. तिचा गोळाभात खायला नातेवाईक निमित्त काढून येत. भरड डाळीचे गोळे भातात वाफवायचे, वरून मोहरी-हिंगाचं कडकडीत तेल, बाजूला कढी. एवढंच विकायचं, दुपारच्या चार तासांत, बाकी काही नाही. गाळा माझ्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा. जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत तो रिकामाच पडला होता. बायको नको म्हणाली, मी टिंगल केली, आणि मुलीनं आम्हा दोघांकडे लक्ष दिलं नाही.

तिची एक अट होती. दुकानात नवीन वस्तू एकही नाही.

"काहून वं?" बायकोनं विचारलं. "लोकं नवं घेऊन सुरू करतेत, तुलेच काहून भंगार?"

"नवीन आणलं आन मी पंधरा दिवस दवाखान्यात पडली, तं ते माझ्या नावानं रडते," ती म्हणाली. "जुन्या वस्तूले पडून राहाची सवय असते."

कामठी रोडच्या एका कबाड्याकडे आम्ही सहा महिने जात होतो. मी स्कूटर चालवायचो, ती मागं बसून एक हात खुब्यावर ठेवायची. कबाडी आम्हाला बघून म्हणायचा, "आले का, लग्नाची खरेदी कराले." ती हसायची. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

पहिली आली ती सलूनची खुर्ची. लोखंडी, जड, लाल रेक्झिन फाटलेलं, डोकं टेकवायची उशी गायब. पण पायातला दांडा दाबला की खुर्ची वर चढायची. मुलगी तिच्यावर बसली आणि कबाड्याच्या अंगणातच दाबत राहिली, जेवढी वर जाईल तेवढी. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "बाबा, हिच्यावर मी उभ्या माणसाएवढी होते." मी दुसरीकडे बघितलं. दुकानातलं बाकी सगळं त्या खुर्चीच्या मापानं ठरलं.

एका बंद पडलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेचं टेबल मिळालं. वर ॲसिडचे डाग, एका टोकाला चिनी मातीचं बेसिन आणि बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला पितळी नळ. ते काउंटर झालं आणि नळ गिऱ्हाइकांना हात धुवायला. मौद्याच्या बाजूला कुठंतरी मजुरांची खानावळ उठली होती, तिथली चार बाकं आली. तीन मेलेल्या कूलरच्या बॉड्या एकावर एक चढवून तिनं तांदूळ-डाळीची मांडणी केली. खिडकीची लोखंडी जाळी छताखाली आडवी टांगली, त्यात ताटं उभी वाळतील अशी. शेगडी मुद्दाम खुर्चीला लागून, म्हणजे थंडीत पाठीला ऊब राहील. चालू कूलर फक्त एक, आणि त्याचं तोंड गिऱ्हाइकांकडे. हे सगळं त्या रिपोर्टांच्या पाठीवर आधीच काढलेलं होतं, मी फक्त स्क्रू पिळले.

शेवटी ताटं राहिली. कबाड्यानं स्टीलच्या ताटांची दोन पोती आमच्यापुढं ओतली. त्यातलं एक ताट मी उलटवलं आणि हात तिथंच थांबला. काठाखाली कोरलेलं अक्षर माझं होतं.

आता माझा धंदा सांगायला हवा. गांधीबागेपासून चालत पाच मिनिटांवर भांड्यांच्या दुकानांची ओळ आहे. तिथं एका दुकानाच्या पायरीवर बसून मी पस्तीस वर्षं भांड्यांवर नावं टाकली. आधी छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका, मग विजेच्या मशीननं. आता लोक आहेरात भांडी कमी देतात, आणि जे देतात ते कॉम्प्युटरवर नाव छापून घेतात. माझं काम आपसूक सुटलं. पण नागपुरातल्या किती घरांत माझ्या हातचं अक्षर मांडणीवर उभं आहे, याची मला घमेंड होती. तेच अक्षर आता पोत्यातून भंगारात निघालं होतं.

आम्ही ताटं घरी आणली आणि अंगणात मांडून मी तिला एकेक वाचून दाखवलं. हे लग्नातलं, मामांकडून. हे बहिणीकडून. हे मयताचं.

"मयताचंबी टाकतेत?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं, पण तिला ते माझ्याकडून ऐकायचं असायचं.

"टाकतेत तं. माणसाचं नाव भांड्यावर दोनदाच चढते, माय. एकदा लग्नात, एकदा गेल्यावर. गेलेल्याच्या नावाची ताटं नातेवाइकांत वाटतेत."

ती म्हणाली, "लग्न तं माझं होत नाही. मग माझं कधी चढन?"

मी पुढचं ताट उचललं. सुदैवानं ते असं निघालं की विषय बदलता आला. त्यावर नावाआधी एक मंद, घासलेला पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर "कालकथित" कोरलेलं होतं. तशी अकरा ताटं निघाली. ती मी विसरणं शक्य नव्हतं.

मी विशीत होतो. पायरीवर नवीनच बसलो होतो. एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या नावाची तीस ताटं टाकायला दिली. चिठ्ठीवर नुसतं नाव होतं. गेलेल्या माणसाच्या नावाआधी दुकानात सगळे "कै." टाकायचे, मीही टाकलं. कै. म्हणजे कैलासवासी. बाई ताटं न्यायला आली आणि वाचून माझ्यासमोर खाली बसली.

"कैलासात कोण राह्यते गा?" तिनं विचारलं. "आमचा माणूस इंदोऱ्यात राह्यत होता."

मला कळेना. ती शांतपणे म्हणाली की छप्पन साली तिनं आणि तिच्या नवऱ्यानं दीक्षा घेतली, कैलास आणि वैकुंठ दोन्ही तिथंच सोडून आले, आणि आता मी त्या बुढ्याला पुन्हा तिकडं धाडून राहिलो. मग तिनं विचारलं, "तू कोणाचा?" मी बापाचं नाव सांगितलं. मीसुद्धा बौद्धाच्याच घरचा, तिच्याच इंदोरा भागातला. आमच्यात गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात, हे मला आईच्या दुधाबरोबर माहीत होतं. तरी हातानं दुकानाची सवय धरली होती. बाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीसही ताटांवरचं "कै." मी घासून काढून "कालकथित" टाकेपर्यंत ती माझ्या शेजारी बसून होती.

मुलगी हे ऐकून इतकी हसली की खुबा धरून तिला आडवं व्हावं लागलं. "आमचा माणूस इंदोऱ्यात राह्यत होता," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. त्या अकरांतलं एक ताट तिनं स्वतःला जेवायला ठेवून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, माझंबी टाका ना. सगळ्याइवर. दुकान माझं, ताटं माझी."

"टाकतो. आधी दुकान तं चालू दे."

दुकान चाललं. मला वाटलं नव्हतं, म्हणून सांगतो. क्लासला येणारी पोरं, बाजारातले दुकानदार, ऑटोवाले, दुपारी बारापासून बाकं भरलेली असत. ती खुर्ची वर चढवून बसायची, एका हाताला शेगडी, समोर काउंटर. बायको मागं गोळे वळायची, मी ताटं धुवायचो. पस्तीस वर्षं ज्या ताटांवर नावं टाकली ती ताटं मी आता घासत होतो, आणि मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. मुलगी वाढताना गिऱ्हाइकाला सांगायची, "तुम्ही आज भंडाऱ्याच्या आत्याच्या ताटात जेवून राहिले." लोक ताट वर करून वाचायचे. काही रोज वेगळं ताट मागायचे. ती तेव्हा जितकी हसली तितकी मी तिला लहानपणीही हसताना बघितली नव्हती.

मग एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. म्हातारीला वाचता येत होतं. अर्धा भात संपल्यावर तिनं ताट जरा उचललं, तेव्हा तिला काठाखालचं "कालकथित" दिसलं. तिनं हात आखडला.

"मले आताच काहून यांच्या पंगतीत बसवता?" ती म्हणाली.

लेक तिला उठवून घेऊन गेली. भात तसाच राहिला. गल्लीत ही गोष्ट पसरायला दोन दिवस लागले नाहीत. कोणीतरी दुकानाला "मयतीची खानावळ" म्हणालं आणि ते नाव चिकटलं. पोरं चेष्टेनं यायची, पण घरदारवाली माणसं कमी झाली. मी मुलीला म्हणालो की मयताची तेवढी नावं घासून टाकू.

"ताट घासून ठेवलं की झालं," ती म्हणाली. "नाव काहून घासाचं?"

"लोकाइले घाण वाटते."

"मेलेल्या माणसाची?"

मला घाण वाटत नव्हती, मला भीती वाटत होती. आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, माझ्या आज्यानं ते सोडलं, बापानं सोडलं. पण जिच्या अंगात रक्त टिकत नाही अशी मुलगी रोज चार तास मयतांच्या नावांमध्ये बसते, हे मला बघवेना. हे मी तिला बोललो असतो तर ती हसली असती. मी ते स्वतःलाही धड बोललो नाही.

सप्टेंबरात तिला दुखणं उठलं. पाठ, मांड्या, छाती. नऊ दिवस ती सरकारी दवाखान्यात होती, रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. बायको तिच्यापाशी आणि मी घर-दवाखाना करत होतो. दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मेहुण्याचं ग्राइंडर मागून आणलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ताटं घासायला बसलो. मयताची तेवढीच काढायची ठरवून बसलो होतो. पण लग्नातल्या नावांपैकी कोण जिवंत आहे आणि कोण नाही, मला काय माहीत? मग सगळीच काढली. साठेक ताटं होती, दोन दिवस लागले. आपलंच अक्षर घासताना हाताला कळत होतं की इथं आपण जोर दिला होता, इथं आपण घाईत होतो.

तिचं ताट शेवटी राहिलं. ते मी बराच वेळ धरून बसलो. मग तेही घासलं. एकाला सोडलं असतं तर बाकीची का घासली, हे मला स्वतःला सांगावं लागलं असतं.

बायको कपडे बदलायला घरी आली होती, ती दुकानात डोकावली. जमिनीवरची राखाडी भुकटी बघून म्हणाली, "तिले विचारलं?"

"दुकान वाचलं पाहिजे का नाही?"

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

मुलगी परत आली तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि कुर्ता अंगावर लोंबत होता. तरी दुसऱ्या दिवशी दुकानात आलीच. खुर्चीवर बसली, दांडा दाबून वर चढली आणि जाळीतलं एक ताट काढलं. काठाखाली अंगठा फिरवला. ते ठेवून दुसरं काढलं, मग तिसरं. मी बेसिनपाशी उभा होतो. आता ओरडेल, रडेल, खुर्चीवरून उतरून घरी जाईल, असं मी सगळं धरून ठेवलं होतं. उत्तरंही तयार ठेवली होती.

"जागा चांगली केली बाबा," ती म्हणाली. "आता माझं टाका."

माझ्या तयार उत्तरांपैकी एकही याला लागू नव्हतं. मी म्हणालो, "टाकतो."

टाकलं नाही. आधी म्हणालो गर्दी आहे. मग म्हणालो मशीनची वायर तुटली आहे. ती खरंच तुटली होती, पण असल्या दहा वायरी मी आयुष्यात जोडल्या होत्या. मग म्हणालो हात कापतो. खरं कारण एकच होतं. माणसाचं नाव भांड्यावर दोनदाच चढतं असं मीच तिला सांगितलं होतं. पहिल्या वेळचा रस्ता बंद होता, आणि मी टाकलेलं नाव दुसऱ्या वेळचं ठरेल याची मला भीती होती. मी नाव टाकलं नाही तोवर ती राहील, असा काहीतरी मूर्ख सौदा मी मनात करून बसलो होतो. तिला तो कधी कळला नाही. तिला एवढंच कळलं की बापानं अख्ख्या गावाची नावं टाकली आणि आपलं टाकत नाही.

तिनं तीनदा मागितलं. चौथ्यांदा मागितलं नाही. डिसेंबरात एक दिवस मशीन दुकानात काउंटरवर दिसली. वायर नवीन होती. बाजारातल्या इलेक्ट्रिकवाल्याकडे तिनं स्वतः लंगडत जाऊन बसवून आणली होती. मशीन तिथं राहिली, पुसताना मी ती उचलायचो आणि पुसून झाल्यावर पुन्हा तिथंच ठेवायचो.

जानेवारीत थंडी पडली. शेगडीची ऊब पाठीला होती, पण घरून दुकानात येईपर्यंतच्या रस्त्याची सोय तिच्या नकाशात नव्हती. छातीत दुखायला लागलं, श्वास लागला. या वेळी नऊ दिवस लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, ज्या वेळेला आमची बाकं भरायची त्या वेळेला, ती गेली. बायको तिचे पाय चोळत होती आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरही ती चोळत राहिली.

चार दिवसांनी बायको म्हणाली की दुकान आता नको. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्यासाठीच्या वंदनेला, नातेवाईक येतील, तेव्हा दुकानातलीच ताटं तिच्या नावानं वाटून टाकू. नवीन ताटं तिला आवडली नसती. "नाव टाका आता," ती म्हणाली. "आता तं टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा उघडला. खुर्ची तिनं शेवटी चढवली होती तेवढीच वर होती. मी प्रयोगशाळेच्या टेबलावर ताटं रचली आणि मशीन लावली. वायर चांगली होती, पहिल्या बटणाला सुरू झाली. घासलेल्या पट्ट्यावर टोक टेकवलं आणि "क" काढला. हात कापत नव्हता, हे लिहायला मला लाज वाटते.

कै. असो, कालकथित असो, सुरुवात "क" नंच होते. पुढं मात्रा द्यायच्या की काना, एवढाच फरक. त्या म्हाताऱ्या बाईच्या वेळी मी मात्रा दिल्या होत्या. आता काना द्यायचा होता. लाखभर नावं टाकलेल्या हाताला हे काय अवघड. पण मी बसून राहिलो. मशीन टेबलावर घुरघुरत होती. मग मी "क" ला खाली उकार दिला आणि पुढं टिंब. कु. लग्न न झालेल्या, जिवंत मुलीच्या नावाआधी लावतात ते. पुढं तिचं नाव टाकलं. ते इथं लिहीत नाही, ताटांवर आहे तेवढं पुरे. मग दुसरं ताट घेतलं. चूक एका ताटावर होते. साठांवर होत नाही.

दुपारी बायको भावाला घेऊन आली. तिनं एक ताट उचलून वाचलं, आणि दुसरं.

"कालकथित राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं नाही. मी टाकलं नाही."

मेहुण्यानं पण वाचलं. तो भला माणूस आहे, त्यानं ताट हलकेच खाली ठेवलं. "भाऊजी," तो म्हणाला, "हे वाटता येत नाही. हे तं जित्या माणसाचं नाव झालं. ग्राइंडर आणून देऊ का? तेवढं पहिलं अक्षर घासून घ्या."

"मी आता घासत नाही," मी म्हणालो.

बायको माझ्यावर फार रागावली. लोकांसमोर शोभा होईल, मुलीचं शेवटचंही धड केलं नाही, असं बरंच बोलली, आणि ते सगळं खरं होतं. मग ती मजुरांच्या बाकावर बसून रडली. दवाखान्यात रडली नव्हती, घरीही नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि मलाही रडू आलं. मेहुणा बाहेर जाऊन उभा राहिला. पुण्यानुमोदनाला आम्ही काहीच वाटलं नाही. भंतेजींनी वंदना घेतली, लोक खीर-भात जेवून गेले, आणि ताटं जाळीतच राहिली.

वाटता येत नाहीत आणि भंगारात देणं शक्य नाही, अशी साठ ताटं घेऊन काय करणार? मार्चमध्ये बायकोनं एक दिवस डाळ भिजत घातली. मी शटर उघडलं.

गोळे तसे होत नाहीत. बायको उभी राहून वाढते. खुर्चीवर आम्ही दोघंही बसत नाही, आणि ती खालीही उतरवत नाही. जुनी गिऱ्हाइकं आली, ताट वर करून वाचलं आणि खाली बघून जेवली. काहीजण पुन्हा आले नाहीत.

परवा एक नवीन माणूस आला. बाहेरगावचा, कोर्टाच्या कामासाठी आलेला, हातात कागदांची पिशवी. भूक लागलेली असावी, दोनदा भात घेतला. जेवून झाल्यावर ताट उचलून त्यानं नाव वाचलं, मग आजूबाजूच्या ताटांवर तेच नाव बघितलं.

"ह्या कोण? दुकानाच्या मालकीण का?"

"हो," मी म्हणालो.

"आज नाही आल्या?"

शेगडीपाशी बायकोचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "आज नाही आली."

त्यानं पितळी नळाखाली हात धुतले, रुमालाला पुसले, पिशवी उचलली. पायरीवरून मागं वळून म्हणाला, "जेवण मस्त होतं. सांगजा त्याइले."

"सांगतो," मी म्हणालो, जसं तिला म्हणायचो, टाकतो.